ऑफिस पण हेरिटेज असतं, बॉस!

किल्ला हेरिटेज, वाडा हेरिटेज, रेल्वे स्टेशनही हेरिटेज. मग जिथे हजारो माणसांनी नऊ ते पाच आयुष्य काढलं तो टॉवर? नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया बिल्डिंगनं पन्नाशी ओलांडली, आता मालकही बदलतोय. तिचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या ऑफिसवाल्यांचाच आहे.

एक छोटीशी टेस्ट. 'हेरिटेज बिल्डिंग' हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर पहिलं काय येतं? सीएसएमटीचा घुमट, राजाबाई टॉवर, पुण्याचा विश्रामबागवाडा, नाशिकचा सरकारवाडा... बरोबर? म्हणजे दगड किंवा सागवान हवं, कमान हवी, आणि निदान शे-दीडशे वर्षांची धूळ तरी हवी. लिफ्ट, फॉल्स सीलिंग, पंचिंग मशीन आणि पँट्रीतला पाणचट चहा असलेली बिल्डिंग या यादीत कुणीच धरत नाही.

आता दुसरा प्रश्न. मरीन ड्राइव्हवर गिरगाव चौपाटीच्या बाजूला उभं राहून दक्षिणेकडे बघा. किनाऱ्याच्या कमानीच्या टोकाला टॉवर्सची जी रांग दिसते, त्यातल्या किती बिल्डिंग्जची नावं सांगता येतील? दहापैकी नऊ जण एक नाव नक्की सांगतील. एअर इंडिया. पांढुरकी, सरळसोट, तेवीस मजली. ना घुमट, ना कमान, ना नक्षी. माथ्यावर कंपनीचा तो धनुर्धारी, अर्धा घोडा-अर्धा माणूस. कितीतरी सिनेमांमध्ये 'हिरो मुंबईत आला' हे सांगायला कॅमेरा जो समुद्र दाखवतो, त्याच्या कडेला ही उभी असतेच.

म्हणजे शहराची ओळख म्हणून चालते, पण वारसा म्हणून नाही. असं का?

नरिमन 'पॉइंट' आला कुठून?

आधी जरा जागेची गोष्ट. कारण ती भन्नाट आहे.

नरिमन पॉइंट ही मुळात जमीनच नाही. ती समुद्रात भर घालून केलेली जागा आहे. बॅकबे रेक्लमेशनची योजना ब्रिटिशांच्या काळातली. १९२०च्या दशकात या कामातल्या उधळपट्टीवर आणि गैरव्यवहारावर एका तरुण वकिलानं तोफ डागली. त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटलाही झाला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. हे होते खुर्शेद फ्रामजी नरिमन, पुढे मुंबईचे महापौर झालेले 'वीर नरिमन'. ज्या भरावावर त्यांनी एवढी टीका केली, त्याच योजनेतून वर आलेल्या टोकाला पुढे त्यांचं नाव मिळालं. मुंबईला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

मरीन ड्राइव्हच्या गोलाईदार आर्ट डेको बिल्डिंग्ज १९३०-४०च्या दशकांत याच भरावावर उभ्या राहिल्या. दक्षिणेकडचं टोक मात्र बरंच नंतर भरलं आणि ते ऑफिसांसाठी ठेवलं गेलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे धडाधड टॉवर उठले. जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांनी डिझाइन केलेला एक्स्प्रेस टॉवर्स. १९७३मध्ये ओबेरॉय हॉटेल. आणि १९७४मध्ये एअर इंडिया.

यातली खरी गंमत पुढे आहे. नेमक्या त्याच काळात काही जण म्हणत होते की, बाबांनो, सगळी ऑफिसं बेटाच्या दक्षिण टोकाला कोंबू नका, लोकल फुटतील! चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. सरकारनं ती मान्यही केली आणि १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. ऑफिसांना पलीकडे नेण्यासाठी जन्मलेल्या या सिडकोचं नोंदणीकृत कार्यालय कुठे असावं? 'निर्मल' बिल्डिंग, नरिमन पॉइंट!

म्हणजे इथला प्रत्येक टॉवर एका निर्णयाचा पुरावा आहे. मुंबईची नोकरी दक्षिणेलाच राहील आणि नोकरी करणारा उत्तरेकडून, पूर्वेकडून लोंबकळत येईल, हा तो निर्णय. सकाळी ८.१७च्या फास्टमध्ये तुमचा पाय दुसऱ्याच्या बुटाखाली येतो, त्याची मुळं इथवर पोचतात. चूक असो की बरोबर, हा इतिहास आहे. आणि तो दगडात नाही, काँक्रीटमध्ये लिहिलेला आहे.

महाराजाचं घर

एअर इंडियाला तेव्हा टेचात राहायची सवय होती. १९३२मध्ये जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल घेऊन विमान आणलं, तिथून सुरू झालेली ही कंपनी १९५३मध्ये सरकारी झाली, तरी जेआरडी १९७८पर्यंत अध्यक्ष राहिले. १९७१मध्ये ताफ्यात जम्बो जेट आलं. तीनच वर्षांनी समुद्रासमोर हे मुख्यालय उभं राहिलं. ज्यांना विमानाचं तिकीट स्वप्नातही परवडणार नव्हतं, त्यांनाही विमान कंपनी म्हणजे काय हे या बिल्डिंगवरून कळायचं.

डिझाइन कुणाचं? न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी फर्मचं. फिलिप जॉन्सन हे नाव आर्किटेक्चरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ज्या प्रदर्शनानं नव्या वास्तुशैलीला 'इंटरनॅशनल स्टाइल' हे नाव मिळवून दिलं, त्याच्या कर्त्यांपैकी हे एक. १९७९मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक सुरू झालं, तेव्हा पहिलं त्यांनाच मिळालं. एअर इंडिया बिल्डिंग त्यांचे पार्टनर जॉन बर्जी यांच्या नावावर सांगितली जाते. आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर एनसीपीएचं टाटा थिएटर आहे, ते १९८०मध्ये उघडलं. त्याचे आर्किटेक्ट खुद्द फिलिप जॉन्सन. एकाच फर्मची एक उभी ऑफिस बिल्डिंग आणि एक बसकं नाट्यगृह, असं एका फेरीत बघायला मिळणं ही चैन आहे. आपण शनिवारी तिथे जाऊन फक्त भेळ खाऊन येतो.

पण मॉडर्निझम म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगायचं तर बिल्डिंगनं नटायचं नाही. खांब काँक्रीटचे आहेत ना, मग काँक्रीट दिसू दे. आत ऑफिस आहे ना, मग बाहेरून राजवाड्याचं सोंग नको. लिफ्ट, जिने, टॉयलेट मधे एका गाभ्यात, भोवती मोकळा मजला, टेबलं हवी तशी फिरवा. आज तुम्ही ज्या 'ओपन ऑफिस'ला शिव्या घालता, त्याचा पणजोबा हाच.

आणि आत काय होतं? चित्रं! विमानकंपनीनं १९५६च्या सुमारास चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या खरेदीत आपल्या विदर्भातल्या बी. प्रभा यांची चित्रं होती. पुढे हुसेन, रझा, गायतोंडे असे एकाहून एक चित्रकार या संग्रहात आले. १९६७मध्ये तर थेट साल्वादोर दाली यांच्याकडून अ‍ॅशट्रे डिझाइन करून घेतले आणि मोबदला म्हणून त्यांना हत्तीचं पिल्लू पाठवलं! पुढे हा चित्रसंग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. चित्रांना संग्रहालय मिळालं, हे छानच झालं. पण ज्या घरासाठी एवढी हौस केली, त्या घराचं काय?

१२ मार्च १९९३

या बिल्डिंगची एक आठवण अशी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. तासाभरात इथेही झाला. गाडीत ठेवलेला बॉम्ब होता. या एका ठिकाणी २० जण गेले. त्या दिवशी शहरभर मिळून २५७ जणांचा जीव गेला. ही सगळी माणसं कोण होती? जेवणाचा डबा उघडलेली, बँकेत चेक टाकायला आलेली, गाडी पार्क करणारी. तुमच्या-माझ्यासारखीच, कामाच्या दिवशी कामावर असलेली.

शेअर बाजार असो की एअर इंडिया, त्या दिवशी हल्ला ऑफिसांवर झाला, कारण मुंबईची ताकद कुठे आहे हे मारणाऱ्यांनाही ठाऊक होतं. आणि बिल्डिंग उभी राहिली. तिची दुरुस्ती झाली, लोक परत कामावर गेले. वारसा ठरवताना 'इथे काय घडलं' हा एक निकष असतो. मग हे घडणं कुठल्या तराजूत तोलायचं?

मालक बदलतो, तेव्हा...

पुढचं बऱ्याच जणांनी बातम्यांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाचलं असेल. एकत्र सांगते.

२०१३मध्ये एअर इंडियानं मुख्यालय दिल्लीला हलवलं. कंपनी कर्जात होती, बिल्डिंगचे मजले भाड्यानं देऊन पैसा उभा करायचा होता. २०१८मध्ये ती विकायचीच असं ठरलं. बोली लावायला तिघे पुढे आले आणि तिघेही सरकारी! राज्य सरकारनं १४०० कोटी देऊ केले, जेएनपीटीनं १३७५ कोटी आणि एलआयसीनं १२०० कोटी. (मी मूळची पिंपळगाव बसवंतची. आमच्याकडची द्राक्षं कंटेनरमध्ये बसून ज्या बंदरातून युरोपला जातात, ते हेच जेएनपीटी. बातमी वाचून मामा म्हणाला, "आपली द्राक्षं आता समुद्रासमोर फ्लॅट घेणार वाटतं!")

सौदा रेंगाळला. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, पण ही बिल्डिंग त्या सौद्यात नव्हती. ती सरकारनंच काढलेल्या एका वेगळ्या कंपनीच्या नावावर ठेवली होती. अखेर नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खरेदीला मंजुरी दिली आणि मार्च २०२४मध्ये केंद्रानं होकार दिला. किंमत १६०१ कोटी रुपये. शिवाय जमीन राज्याचीच असल्यानं येणं असलेली अनर्जित उत्पन्न आणि व्याजाची सुमारे २९८ कोटींची रक्कम राज्यानं सोडून दिली. जागा सुमारे ४६ हजार चौरस मीटर.

राज्याला ती कशाला हवी? ऑफिससाठीच. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. त्यानंतर जागेची ओढाताण वाढली, कितीतरी खाती भाड्याच्या जागांमध्ये पांगली. मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर तयार टॉवर मिळत असेल तर कोण सोडेल?

मला विचाराल तर ही चांगली बातमी आहे. या जागेवर लक्झरी हॉटेल किंवा साठ मजली काचेचा टॉवर येण्यापेक्षा ऑफिसच्या जागी ऑफिस आलं, यापेक्षा बरं काय? पण यातच एक पेच आहे. मुंबईत वारसा यादीवर शेवटची मोहोर राज्य सरकारच उठवतं. म्हणजे बिल्डिंगचा नवा मालकही तेच आणि तिला वारसा म्हणायचं की नाही हे ठरवणारंही तेच. स्वतःच्याच घराला स्वतःच नियम लावायचे! खासगी मालक यादीला विरोध करतात, ते समजू शकतं. सरकारनं काय करावं, हे मात्र आपण विचारू शकतो.

न्यूयॉर्कचा भाऊ

आता जरा न्यूयॉर्कला जाऊ. याच जॉन्सन-बर्जी जोडीनं १९८४मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर एटी अँड टी कंपनीसाठी सदतीस मजली टॉवर बांधला. वरचं टोक जुन्या लाकडी कपाटासारखं कापलेलं, गुलाबी ग्रॅनाइटचा. तेव्हा टीकाकारांनी त्याची भरपूर टर उडवली. कारण सरळसोट पेट्या बांधणारा माणूस अचानक नक्षीकडे वळला होता.

ऑक्टोबर २०१७मध्ये नव्या मालकांनी जाहीर केलं की खालचा ग्रॅनाइट काढून तिथे काच लावू, म्हणजे रस्त्यावरून छान दिसेल. झालं! आर्किटेक्ट आणि विद्यार्थी फलक घेऊन बिल्डिंगसमोर उभे राहिले. ३१ जुलै २०१८ला शहरानं त्या टॉवरला अधिकृत 'लँडमार्क'चा दर्जा दिला. वय अवघं ३४ वर्षं! न्यूयॉर्कचा नियम सोपा आहे. बिल्डिंग तीस वर्षांची झाली की ती विचारात घेता येते. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरचं लीव्हर हाउस १९५२चं, दर्जा १९८२मध्ये. मीस व्हॅन डर रोह यांनी जॉन्सन यांच्या साथीनं केलेली सीग्रॅम बिल्डिंग १९५८ची, दर्जा १९८९मध्ये. सगळी ऑफिसंच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नची १९५८ची आयसीआय हाउस ही काचेची ऑफिस बिल्डिंग २००५पासून थेट राष्ट्रीय वारसा यादीत आहे.

आणि एक योगायोग बघा. ३० जून २०१८ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या निर्णयाच्या बरोबर महिनाभर आधी, मुंबईचा जागतिक वारसा यादीत सन्मान झाला. ओव्हल मैदानाच्या एका बाजूची व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूची, मरीन ड्राइव्हपर्यंत पसरलेली आर्ट डेको. यासाठी रहिवाशांच्या संघटना आणि आभा नारायण लांबा यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी वर्षानुवर्षं किल्ला लढवला होता. सोहळा झाला, पेढे वाटले. आणि त्याच वर्षी, त्याच मरीन ड्राइव्हच्या टोकाला, जॉन्सन-बर्जींचा मुंबईतला टॉवर बाजारात विकायला निघाला होता. न्यूयॉर्कच्या भावाला कवच मिळालं, मुंबईच्या थोरल्या भावाला फक्त किंमत.

'अजून साठ झाली नाहीत!'

आपल्याकडे नवी बिल्डिंग वारसा होऊच शकत नाही, असं नाही. चंदीगडमध्ये ल कॉर्बुझिए यांनी १९५०च्या दशकात बांधलेलं २५४ मीटर लांबीचं सचिवालय २०१६मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. म्हणजे फायली, कारकून, जेवणाचे डबे आणि युनेस्को, सगळं एका छताखाली सुखानं नांदू शकतं.

पण दिल्लीत काय झालं ते ऐका. प्रगती मैदानातलं 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२चं. आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनीअर महेंद्र राज. काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचा प्रचंड पिरॅमिड, मधे एकही खांब नाही. स्वतंत्र भारताच्या पंचविशीसाठी, हातांनी काँक्रीट ओतून बांधलेला. तो पाडायचं ठरलं तेव्हा जगभरातून पत्रं आली. पण दिल्लीच्या वारसा समितीनं साठ वर्षांपेक्षा लहान इमारतींचा विचार करायचा नाही अशी भूमिका घेतली. एप्रिल २०१७मधल्या एका रात्रीत तो पाडला गेला. वय ४५.

याच्या उलट उदाहरण अहमदाबादचं. लुई कान यांनी आयआयएमसाठी बांधलेल्या विटांच्या वसतिगृहांपैकी १४ पाडायची तयारी डिसेंबर २०२०मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि जगभरातल्या आर्किटेक्ट्सनी इतका आरडाओरडा केला की १ जानेवारी २०२१ला संस्थेनं तो प्रस्ताव मागे घेतला. कवच नव्हतं, पण आवाज होता. मात्र आवाज दर वेळी वेळेत पोचेलच असं नाही.

एअर इंडियाची बिल्डिंग साठीला पोचेल २०३४मध्ये. म्हणजे तिच्या रूपाचे मोठे निर्णय, काच लावायची का, लॉबी कशी करायची, खिडक्या बदलायच्या का, हे सगळं वयाची अट पूर्ण होण्याच्या आधीच होऊन जाणार. माणूस साठीला पोचला की ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड मिळतं. बिल्डिंगच्या बाबतीत कार्ड येईपर्यंत ती ओळखू येण्यासारखी राहायला हवी ना?

हेरिटेज ग्रेडचा फंडा

मुंबईत वारशाचे नियम १९९५मध्ये आले, देशात सगळ्यात आधी. पहिल्या यादीत सहाशेहून जास्त नोंदी होत्या. श्रेणी अशा:

- ग्रेड १: राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू. आत-बाहेर हात लावायचा नाही. बळकटीसाठी अगदी गरजेचं तेवढंच काम.
- ग्रेड २ (अ आणि ब): शहराच्या दृष्टीनं महत्त्वाच्या. आतले बदल आणि नवा वापर चालतो, पण समितीची परवानगी हवी.
- ग्रेड ३: रस्त्याचं, परिसराचं रूप सांभाळणाऱ्या. बदलांना बरीच मोकळीक.

बांधकामावर मर्यादा आली तर मालकाला भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, मिळू शकतो.

पण रडगाणं कुणी गायचं?

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर हा लेख म्हणजे नुसता नॉस्टॅल्जियाचा टाइमपास होईल.

पहिला आक्षेप: वारसा म्हणजे कटकट. २०१२मध्ये मुंबईच्या यादीत नऊशेहून जास्त नव्या नोंदी सुचवल्या गेल्या, तेव्हा शिवाजी पार्कपासून अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. गळक्या छताखाली राहणाऱ्याला 'तुमची बिल्डिंग फार सुंदर आहे' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. खरं आहे. पण इथे गळक्या घरात अडकलेला भाडेकरू नाही. इथे मालक सरकार आहे, जागा ऑफिसची आहे, आणि बांधकाम वाढवून नफा कमवायची गरजही नाही. कवच द्यायला याहून सोपी केस सापडणार नाही.

दुसरा आक्षेप: जुन्या टॉवरमध्ये आजचं ऑफिस बसत नाही. वायरिंग, एसी, आग विझवायची व्यवस्था, अपंगांसाठी सोयी, सगळं बदलावं लागतं. लागतंच! मंत्रालयाच्या आगीत पाच जण गेल्यावर तर याबाबत तडजोडच नको. पण न्यूयॉर्कच्या त्या टॉवरला दर्जा मिळाल्यानंतरही काम थांबलं नाही. नवा आराखडा मंजूर झाला, मागे बाग झाली, आतली ऑफिसं नवी झाली. बाहेरचं रूप राहिलं. आतली मूळ लॉबी मात्र दर्जा मिळण्याआधीच काढली गेली होती, ती गेलीच. थोडक्यात, कवच म्हणजे कुलूप नाही. पण उशीर झाला, तर जे गेलं ते परत येत नाही.

तिसरा आक्षेप, जो माझे मित्र-मैत्रिणी सगळ्यात जास्त घेतात: 'अगं, पण ती दिसते तरी कुठे सुंदर? नुसतं खोकं!' यावर एकच सांगते. मरीन ड्राइव्हची आर्ट डेको घरं बांधली गेली, तेव्हा तीही नव्या फॅशनची, परदेशातून आलेली, काँक्रीटचीच होती. त्यांना जगाची पावती मिळायला पाऊणशे वर्षं लागली. आपल्याला आजीची पैठणी आवडते, आईची पॉलिएस्टरची साडी नाही. पण फोटोत आई तीच साडी नेसून नोकरीच्या पहिल्या दिवशी उभी असते. मॉडर्न बिल्डिंग्ज म्हणजे ती साडी आहे.

आणि मुद्दा सौंदर्याचा तरी आहे का? राजवाडे आपल्याला राजे कसे राहायचे ते सांगतात. चर्चगेटचं हेड ऑफिस, फोर्टच्या बँका, नरिमन पॉइंटचे टॉवर सांगतात की स्वतंत्र देशातला पगारदार माणूस कसा जगला. पिंपळगावसारख्या गावांतून मुलं मुंबईला आली ती राजवाडे बघायला नव्हे, या बिल्डिंग्जमध्ये टेबल मिळवायला. आज नरिमन पॉइंटची कितीतरी ऑफिसं बीकेसी आणि लोअर परळला गेली आहेत. उद्या तीही दुसरीकडे जातील. कामाची जागा इतकी पटकन बदलत असेल, तर एक तरी टॉवर 'इथून सुरुवात झाली होती' हे सांगायला नको?

मग करायचं काय?

फार काही नाही. तीन गोष्टी.

एक, बघून या. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५पासून थेट कफ परेडपर्यंत धावतेय. विधान भवन स्टेशनला उतरा आणि समुद्राकडे चालू लागा. एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडिया, मग एनसीपीएकडे टाटा थिएटर. लोकलनं येणार असाल तर चर्चगेटहून मरीन ड्राइव्हवर या आणि समुद्राकाठानं दक्षिणेकडे चालत जा. रविवारी सकाळी गेलात तर ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, मान वर करून बघायला फुल निवांतपणा. आधी आर्ट डेको, मग टॉवर्स. दोन पिढ्यांचं काँक्रीट एका फेरीत!

दोन, यादीत भर घालताना सरकार नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवतं. हरकती भराभर येतात, सूचना फार कमी. एक ईमेल करायला दहा मिनिटं लागतात. एअर इंडिया बिल्डिंगची नोंद व्हावी, बाहेरचं रूप, समुद्राकडून दिसणारी तिची उभी रेघ आणि १९९३ची आठवण जपली जावी, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. ग्रेड २ किंवा ३ मिळाली तरी आतलं ऑफिस हवं तसं आधुनिक करता येईल. सरकारनं काम सुरू करण्याआधी आजची बिल्डिंग मजल्यागणिक नोंदवून, फोटो काढून ठेवली, तर तेही मोठंच काम होईल.

तीन, आपापल्या ऑफिसच्या बिल्डिंगकडे एकदा नीट बघा. ती कधी बांधली, कुणी बांधली, तिथे आधी काय होतं? वॉचमन काकांना विचारा, लिफ्टमन काकांना विचारा. बऱ्याचदा अ‍ॅडमिनपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं. सोमवारच्या मीटिंगला 'फन फॅक्ट' म्हणून सांगता येईल, आणि दहा-वीस वर्षांनी ती बिल्डिंग पाडायची नोटीस लागेल तेव्हा तिच्याबद्दल काहीतरी ठाऊक असलेलं एक माणूस तरी उरेल.

बाकी, एअर इंडियाच्या पुढच्या मजल्यांवर कोणतं खातं बसणार, हे राज्य सरकार ठरवेलच. ती बिल्डिंग बाहेरून कशी दिसणार, हे ठरायच्या आधी मात्र आपण बोललेलं बरं.